गाळलेली बावीस घरं

आंजी मोठीच्या बसस्टँडसमोर नानाजी घाटोळ्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. चारुता त्यांची मधली पोरगी. कुणी दुकानात येऊन "सारं गाव म्हणून राह्यलं" असं म्हटलं, की ही काउंटरमागून विचारायची, "सारं म्हणजे किती?" सरपंचाच्या माणसाने एकदा तिथे उभं राहून सांगितलं, नळाचं पाणी सगळ्यायले भेटते. पोरगी नववीत होती. आठ दिवस शाळा सुटल्यावर वही घेऊन दारोदार फिरली आणि पाणी न मिळणाऱ्या एकशे सोळा घरांची यादी करून आणली. नानाजींना घाम फुटला. म्हणाले, "बाई, मले दुकान चालवायचं हाय. तू काऊन गाव मोजून राह्यली?"

मोजणं काही सुटलं नाही. आंजी ते वर्धा एस.टी., वर्धा ते नागपूर रेल्वे, पुढे ऑटो, असं रोजचं अपडाउन करत तिने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात. मग विद्यापीठातच पीएचडीला नाव घातलं. इला मॅडम तिच्या गाइड. कडक बाई. चुकीचा दशांश दिसला की कागद परत.

चारुताचा विषय होता बंद दार. म्हणजे असं. गावात चारशे वीस घरं असतील तर सगळ्यांना विचारत बसत नाहीत, दर पाचवं घर घेतात, चौऱ्याऐंशी होतात. त्यातलं एखादं घर बंद निघालं तर काय करायचं? शेजारचं उघडं घर घेऊन भागतं का? भागत नाही. दिवसा ज्यांची दारं उघडी असतात ती माणसं वेगळी, ज्यांची बंद असतात ती वेगळी. कामावर जाणाऱ्या कुठल्याही बाईला ही गोष्ट ठाऊक आहे. विद्यापीठाला मात्र ती सिद्ध करावी लागते, आणि त्याला चार वर्षं आणि दोनशे पानं लागतात. म्हणून नियम असा, की बंद घराला तीनदा जायचं. त्यातलं एकदा दिवेलागणीनंतर. तीनदाही कुणी भेटलं नाही, तरच पुढचं घर. हा नियम चारुताने स्वतःच्या हाताने फॉर्मच्या मागे छापून घेतला होता.

सर्वेक्षणासाठी गाव मिळालं वडधरी, केळझरच्या अलीकडे आत वळलं की लागणारं. तिथे एका संस्थेची दोन पाळणाघरं होती, एक मारुतीच्या देवळाशी, दुसरं दीड किलोमीटरवर टोलीत, गावाबाहेरच्या वस्तीत. टोलीत सगळी मजुरीला जाणारी घरं. संस्थेचे गजेंद्रभाऊ म्हणाले, सहा वर्षांखालचं लेकरू घरी सोडून मजुरीला जाणाऱ्या बाया किती, एवढं काढून द्या, म्हणजे दोन पाळणाघरं हवीत की एक पुरे, ते ठरवता येईल. चारुताला आकडे हवे होते, संस्थेला उत्तर हवं होतं. जमलं.

फॉर्म भरायला गावातलीच सरिता मिळाली. दहावी पास, बत्तीस वर्षांची, पायाला चाकं. पोलिओपासून मतदारयादीपर्यंत गावातली प्रत्येक मोजणी तिच्या हातून गेलेली. कुठल्या घरात कोण रुसून माहेरी गेलंय, हेसुद्धा तिला तोंडपाठ. संस्थेने तिला सांगून ठेवलं होतं, पाळणाघराच्या सेविकेची जागा निघाली की तुझीच.

डिसेंबरचे दिवस होते, कापसाची वेचणी भरात. गावातली घरं दोन दिवसांत झाली. टोलीत पाय ठेवला आणि दारामागून दार बंद.

"कुलूप नोका पाहू ताई," सरिता म्हणाली. "हे दोरी पाह्या. कडीले दोरी बांधली म्हंजे बाई वेच्याले गेली, दिवेलागणीले येते. कुलूप लावलं म्हंजे गावालेच गेली. इथं साऱ्या दोऱ्याच हायेत."

"म्हणजे किती वाजता?"

"साडेसहा. आल्यावर चूल, पाणी, लेकरं. सातले गेलं तं बोलते बिचारी. मी हावो ना संग. माझ्याच घरी झोपा. भाकर हाय, पिठलं हाय. तुमच्या नागपूरवानी गादी नाई, पण खाट हाय."

चारुताने घड्याळ पाहिलं. साडेचारची शेवटची एस.टी. आठवड्यावर पुण्याची परिषद, आयुष्यातला पहिला शोधनिबंध, आणि निबंधात आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. सरिता सांगत होती त्याप्रमाणे करायचं तर तीन संध्याकाळी मुक्काम, पुढच्या आठवड्यात परत एकदा फेरी. परिषद हुकणार.

"पुढचं उघडं घर घेऊ," ती म्हणाली.

"उघडं कोनतं? इथं तं साऱ्याच दोऱ्या. गावाकडंच परत जा लागन. मास्तरायचं घर, पाटलायचं घर. त्या बाया कुठं जाते मजुरीले?"

"घेऊ तेच."

"आणि ह्या खान्यात? भेट किती लिहू?"

चारुता थोडी थांबली. हे थांबणं तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं. मग म्हणाली, "तीन लिहा."

"तीनदा कुठं गेलो ताई आपन? येकदाच तं आलो."

"लिहा हो सरिताताई. जबाबदारी माझी."

सरिताने लिहिलं. बावीस घरं. प्रत्येक फॉर्मखाली प्रगणक म्हणून तिची सही. वळणदार, शाळेत शिकवली तशी पूर्ण नावाची. शिकलेली बाई जबाबदारी माझी म्हणाली तर खेड्यातली बाई विश्वास ठेवते. ती जबाबदारी कागदावर नसते, नुसती तोंडची असते, हे तिला कोण सांगणार?

उत्तर निघालं चौऱ्याऐंशी घरांत नऊ, म्हणजे शंभरात अकरा. पुण्याला निबंध वाचला गेला, टाळ्या पडल्या. संस्थेने अहवाल वाचला आणि जूनमध्ये टोलीचं पाळणाघर देवळाजवळच्या पाळणाघरात मिसळून टाकलं. शंभरात अकराच बाया, तर दोन-दोन कशाला? हिशेबाला धरूनच होतं.

नोव्हेंबरात वेचणी लागली आणि टोलीत बोंब झाली. पहाटे सहाला शेताकडे निघायचं, त्याच्या आधी लेकरू दीड किलोमीटर उलट्या दिशेला नेऊन सोडायचं, आणि ते पाळणाघर उघडतं नऊला. बाया संस्थेच्या बैठकीत जाऊन भिडल्या. "आमाले कोनी इचारलंच नाई!" गजेंद्रभाऊ म्हणाले, विचारलं, हे काय, कागद आहेत. बाया म्हणाल्या, दाखव. भाऊंनी कागद विद्यापीठातून मागवले.

इला मॅडमनी स्वतः गठ्ठा उघडला. चारुता समोरच्या खुर्चीवर. मॅडमना दहा मिनिटं पुरली.

"हे बघ. बावीस घरं, प्रत्येकी तीन भेटी, आणि तारीख एकच. वेळा बघ. अकरा दहा, अकरा वीस, अकरा तीस. तीनदा जाणं सोड, ही बाई दारापर्यंत तरी गेली होती का? घरी बसून भरलेत. सही कुणाची आहे? सरिता. तू त्या दिवशी बरोबर नव्हतीस ना?"

आता बोलायचं होतं. वाक्य साधं होतं, मॅडम, मी बरोबर होते. चारुताच्या तोंडून निघालं, "टोलीत... ती ओळखीची होती, त्यामुळे..."

"तेच. विश्वास टाकलास." मॅडमनी चष्मा काढला. "गजेंद्रना मी कळवते. आणि ऐक, हे वाया घालवू नकोस. प्रगणक खोटे फॉर्म कसे भरतात, ते वेळेच्या नोंदींवरून कसं पकडायचं, तुझं एक अख्खं प्रकरण होईल हे. प्रत्यक्ष उदाहरण कुणाकडे असतं?"

आणि तिने ते लिहिलं. जिने नववीत असताना सरपंचाच्या माणसाचं बोलणं आकड्याने खोडून काढलं होतं, तिनेच ते प्रकरण चार लिहिलं. 'प्रगणकाची लबाडी आणि तिची ओळख.' त्यात सरिताचं नाव नव्हतं, 'प्र-०२' होतं. सूत्रं चोख होती. मॅडमनी समासात 'उत्तम' लिहिलं, आणि मॅडम तो शब्द वर्षातून एखाद वेळी लिहीत.

वडधरीत तिकडे प्र-०२ चं काय चाललं होतं? सेविकेची जागा गेली. गजेंद्रभाऊंनी चारचौघांत सांगितलं, आमच्या विश्वासाला तडा गेला. हापशीवर बाया भांडं काढून घेत. "फॉर्मवाली आली वो. आमचं लेकरू मोजलं काय वो बाई, का तेबी घरी बसूनच?" सरिताने दोनदा सांगून पाहिलं की ताई होत्या, ताईनंच सांगतलं. लोक हसले. एवढी शिकलेली पोरगी खोटं कायले सांगन? मग तिने सांगणं सोडलं आणि तीही वेचायला जायला लागली.

जानेवारीत चारुताला एका तक्त्यासाठी घरांची जुनी यादी ताडून पाहायची होती. फोनवर होण्यासारखं काम, पण ती स्वतः गेली. का गेली ते तिलाही धड सांगता आलं नसतं. सरिताच्या गल्लीत वळायचं धाडस झालं नाही, म्हणून टोलीच्या मागच्या अंगाने शिरली. तिथे आनंदाबाई बसलेली. डोळ्याने पार अधू म्हातारी. शेजारच्या खाटेच्या पायाला लुगड्याच्या काठाने दोन लेकरं कंबरेला बांधलेली, शेळीचं पिल्लू बांधावं तशी. एक झोपलेलं, दुसरं काठ चोखत बसलेलं.

"कोन हाय?" म्हातारीने विचारलं.

"मी... मोजणीवाली, आजी."

"मोजनीवाली व्हय." म्हातारी शांतपणे म्हणाली. "मंग मोज. दोन हायेत. मले दिसत नाई, म्हून बांधून ठेवतो. आवाज आला नाई का दोरा ओढून पायतो."

पोराच्या कंबरेला काठाचा लाल वळ उठला होता. तक्ता न ताडता ती परत फिरली.

त्यानंतर जेवण जाईना. नानाजी म्हणाले, अभ्यासानं डोकं फिरलं पोरीचं. आई म्हणाली, दृष्ट लागली. प्रबंध संगणकावर उघडला की प्र-०२ दिसायचं. आपण तिचं नाव काढून अंक घातला तो तिची अब्रू झाकायला, असं तिने स्वतःला पटवलं होतं. आता कळलं की ती झाकाझाक स्वतःच्या सोयीची होती. सरिता म्हणून लिहावं लागलं असतं, तर हात चालला नसता.

मार्चमध्ये विद्यापीठात प्रबंध देण्याआधीचं शेवटचं सेमिनार झालं. आठ प्राध्यापक, पाहुणे म्हणून एक बाहेरगावचे सर, पंधरा-वीस विद्यार्थी. चौथं प्रकरण आलं तेव्हा पडद्यावर शीर्षक बदललेलं होतं, 'संशोधिकेची लबाडी'. चारुताने सगळं सांगितलं. एस.टी., परिषद, तीनचा आकडा, कुणी कुणाला लिहायला लावला ते. इला मॅडमचं पेन थांबलं ते पुन्हा हललं नाही.

मग पाहुणे सर म्हणाले, "मोठं धाडस आहे. आजकाल कोण सांगतं?" आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागून बाकीच्यांनी.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी गाठलं. "मला आधी सांगायचं होतंस. मी त्या बाईबद्दल लेखी कळवलंय, माझ्या सहीने. वर्ष जाईल तुझं. सर्वेक्षण पुन्हा, प्रकरण पुन्हा. आणि मी तुझ्यासाठी कुठे शब्द टाकेन असं समजू नकोस."

"हो मॅडम."

परतीच्या गाडीत मात्र चारुताला हलकं वाटलं. बुटीबोरीला तिने शेंगदाणे घेतले आणि सगळे खाल्ले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली होती. सांगून टाकलं, वर्ष गेलं, फिटलं, असं तिला वाटत होतं. त्या शेंगदाण्यांची तिला पुढे फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सरिताच्या दारात उभी राहिली. सरिता हरभरा सोंगून नुकतीच आलेली, हाताची बोटं कातरलेली, हंड्यातलं पाणी हातापायांवर घेत होती. बसा म्हणाली नाही.

"सरिताताई, मी सगळं खरं सांगून आले."

"कोनाले?"

"विद्यापीठात. सगळ्यांसमोर. तुमची चूक नव्हती, माझी होती म्हणून."

"थे लोक वडधरीत राह्यते काय?"

चारुताने नकारार्थी मान हलवली.

"माझी इज्जत नागपुरात गेलती काय? इथं गेली, हापशीवर. आणि तुमी सांगून आल्या तिथं, जिथं मले कुत्रंबी वळखत नाई. काय म्हनले थे लोक?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती. "टाळ्या वाजवल्या," चारुता म्हणाली.

सरिता हसली. हातातला गडवा खाली ठेवून पोट धरून हसली. "वा वो बाई! चोरी मी केली म्हनून मले शिव्या, आणि तूच केली म्हनून तुले टाळ्या!" अहोजाहो गेलं ते गेलंच. मग हसू थांबलं. "मले सांगू नोको. मले तं पयल्या दिवशीपासून मालूम हाय. उद्या गजेंद्रभाऊची बैठक हाय टोलीत. तिथं सांग. आणि ते इंग्रजीतलं नोको. कोनते घरं गाळले, घर घर नाव घेऊन सांग."

बैठक दिवेलागणीला, बंद पडलेल्या पाळणाघराच्या ओट्यावर. पन्नासेक बाया, भिंतीला टेकून गडीमाणसं. गजेंद्रभाऊंना चारुताने आधी कानावर घातलं, तर ते म्हणाले, "कशाला उगाच? तांत्रिक त्रुटी होती एवढं म्हणा, आम्ही पुनर्विचार करू. तुमचंही करिअर आहे." चारुताने यादी बाहेर काढली. सरिता मागे, खांबाशी.

बोलायला उभी राहिली आणि चारुताचे डोळे भरले. पुढे बसलेली एक बाई उठून पाणी आणायला निघाली.

"बस वो!" सरिता मागून ओरडली. "पानी देऊ नोको तिले. रडून राह्यली तं सारे तिलेच धीर देतीन. चारुता, रडनं घरी जाऊन रड. इथं वाच."

चारुताने वाचलं. आधी सांगितलं की भेटी तीन नव्हत्या, एकच होती, तीन मी लिहायला लावलं, सरिताताई नको म्हणत होत्या. मग घरं. "शामराव उईके."

"हाव. दोन हायेत आमच्याकडं, येक चार वर्साचं, येक तान्हं."

"मंदा कुमरे."

"हाव. येक."

"गणपत वाघाडे."

"हाव. आमचं त्या म्हातारीजवळ बांधून राह्यते." कुणी हसलं, लगेच गप्प झालं.

प्रत्येक नावाला एक बाई हाव म्हणत होती, आणि चारुताच्या हातातल्या कागदाला बोटांचा घाम लागून शाई पसरत होती. एकवीस नावं झाली. सतरा घरांत सहा वर्षांखालचं लेकरू. शंभरात अकरा म्हणून जगाला सांगितलेला आकडा शंभरात तीसच्या घरात होता. खांबाजवळ एक म्हातारा गडी सरिताकडे न पाहता बोलला, "पोरी, आपून तुले लय बोललो वो." सरिताने पदर खोचला आणि पुढे येऊन पहिल्या रांगेत बसली.

"मंग?" तिने गजेंद्रभाऊंना विचारलं. "पाळनाघर कवा उघडता? 'पुनर्विचार' नोका सांगू. तारीख सांगा."

भाऊंनी वर कळवतो म्हटलं, बायांनी सोडलं नाही. शेवटी पुढल्या महिन्याची एक तारीख त्यांच्या तोंडून काढली, आणि सरिताने ती कागदावर लिहून त्यांची सही घेतली. शिकली होती ती.

चारुता अजून उभीच होती. एक नाव राहिलं होतं.

"तानबा नेहारे," तिने वाचलं.

कुणी हाव म्हणालं नाही.

"गेला थो," आनंदाबाई कोपऱ्यातून बोलली. "दिवाळीतच. बायको वेच्याले जाय, लेकरं पाह्याले कोनी नाई. हिंगणघाटले जिनिंगवर गेले दोघंबी. तिन्ही लेकरं संगच नेले. कोन्या जिनिंगवर, थे नाई मालूम."

चारुताचं वर्ष गेलं. आता ती दर शनिवारी संध्याकाळी वडधरीत असते, नवे फॉर्म घेऊन, सातच्या पुढे. सरिता तिच्यासोबत फिरत नाही. टोलीच्या पाळणाघरात सेविका झाली आहे, वेळ नाही म्हणते. हाक मारते ती चारुता म्हणून, ताई म्हणून नाही. प्रबंधाला तानबाचं घर लागत नाही, स्थलांतरित म्हणून खूण केली की नियमात बसतं. इला मॅडमनीच तसं सांगितलं. चारुताने खूण केलेली नाही. रविवारी ती आंजीहून वर्ध्याला आणि वर्ध्याहून हिंगणघाटला जाते, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी उभी राहते आणि चौकीदाराला विचारते, वडधरीचा तानबा, तीन लेकरं आहेत, इथे आहे का? आतापर्यंत नऊ फाटकं झाली. एका चौकीदाराने उलट विचारलं, "कोन लागते थो तुमचा?" ती पुढच्या फाटकाकडे निघाली.